जुनी गाडी आणि नवे ब्रेक

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोललेले वक्ते विद्वान होते. मी पडलो बँकेतला हिशेबनीस. चिटणीसांनी मला विचारले, तेव्हा मी म्हटले, “अहो, मला बोलता येईल असा एकच विषय आहे, आणि तो म्हणजे आमच्या वडिलांची मोटार.” त्यावर ते म्हणाले, “मग तिच्यावरच बोला. आपल्या निम्म्या सभासदांच्या मातोश्री प्रसूतिगृहात त्याच मोटारीतून गेल्या आहेत.” चिटणीसांचा हा हिशेब थोडा फुगवलेला असेल, परंतु जमेच्या बाजूला काही तरी आहे खरे, म्हणून आपल्यापुढे उभा आहे.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली बडोद्यात जे कलाभवन काढले, त्यात ते शिकले. हाताने काम करणाऱ्याला तेथे कमी लेखीत नसत. तेथला हा संस्कार दादांच्या अंगी शेवटपर्यंत राहिला. १९६७ साली, बरीच वाट पाहून, त्यांनी फियाट अकराशे ही गाडी घेतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. हीच गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी माहीत झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. त्या टॅक्सींपैकी शेवटचीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून गेली.

आमच्या गाडीचे इंजिन १०८९ सी.सी.चे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकू गेले की करकरून निषेध नोंदवतो. या गाडीतून दादांनी दांडिया बाजारातल्या कितीतरी आजाऱ्यांना रात्री-अपरात्री इस्पितळात पोहोचविले. न्यासाच्या स्थापनेच्या वेळी पावतीपुस्तके घेऊन वर्गणीला निघालेली मंडळीही हिच्यातच दाटीवाटीने बसत.

२००१ साली दादा गेले. २००३ पासून गाडी घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली, ती पंधरा वर्षे. मी २०१७ साली निवृत्त झालो आणि दुसऱ्या वर्षी तिच्यावरची ताडपत्री काढली. चारी टायर बसलेले, आसनात उंदरांनी संसार मांडलेला, आणि पायाखालच्या चटईखाली हात घातला तर पत्र्याऐवजी जमीन हाताला लागली.

घरात दोन पक्ष झाले. चिरंजीव म्हणाले, “बाबा, वरची बॉडी ठेवा, आत नवे जपानी इंजिन, पॉवर स्टिअरिंग आणि एअरकंडिशनर बसवू.” मी म्हणालो, “दादांच्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदलणार नाही. ती १९६७ साली होती तशीच उभी करणार.” अशा वेळी निवृत्त माणसाच्या हट्टापुढे कुणाचे चालत नाही. माझा पक्ष विजयी झाला. तो विजय किती महाग पडणार होता, हे तेव्हा कळले नाही.

कामाला मदतनीस लाभले ते वाडीतले एक वृद्ध मिस्त्री. आम्ही सारे त्यांना उस्ताद म्हणतो. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन नियम घालून दिले. पहिला: बॅटरीची तार काढल्यावाचून गाडीला हात लावायचा नाही. दुसरा: गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शिरायचे नाही, खाली लोखंडी घोड्या लावायच्या, गाडी हलवून पाहायची, मगच आडवे व्हायचे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नव्हे. घरी असे काम करू इच्छिणाऱ्यांनी माझ्या भाषणातले एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

मग गाडी उकलण्यास आरंभ झाला. हिशेबनिसाचा स्वभाव येथे उपयोगी पडला. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र, प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीचा क्रमांक वहीत. गाडी उकलणे दोन आठवड्यांचे काम आहे. जोडणे दोन वर्षांचे. उकलताना जो आळस होतो, त्याचे व्याज जोडताना चुकवावे लागते.

पत्र्याचे काम सर्वांत मोठे निघाले. या गाडीला वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दारांच्या खालच्या पोकळ पट्ट्या बाहेरून ठणठणीत दिसत होत्या. उस्तादांनी त्यांवर स्क्रूड्रायव्हरचे टोक ठेवून नुसते दाबले, तर ते मुठीपर्यंत आत गेले. आधीच्या कोणी तरी गंजावर लांबी भरून वरून रंग दिला होता. उस्ताद म्हणाले, “साहेब, गंज कधी बाहेरून आत जात नाही. आत पाणी साचते, तेथून तो बाहेर येतो. तुम्हाला दिसला म्हणजे आत सगळे संपले.” सांगाड्याला आडव्या सळ्यांचा आधार देऊन, दारे बसवून, त्यांच्या फटी मोजून मगच सडका पत्रा कापला. आधार न देता कापला असता तर गाडीची कंबर लचकली असती आणि दारे पुन्हा कधी लागली नसती.

तीन वर्षे गेली. रंग लागला. कोणता, तर मला लहानपणापासून आठवणारा फिकट हिरवा. बंपर चकचकीत झाले, आसनांना नवे कापड आले. इंजिन उस्तादांनी उघडले आणि त्यांनीच बांधले. ब्रेकचे काम मात्र मी स्वतः केले, आणि तेही काटकसरीने. चाकांतले ब्रेकचे सिलिंडर काढले, रॉकेलने स्वच्छ धुतले, आतल्या रबरी वाट्या जुन्या असूनही बऱ्या दिसल्या, कंपनीच्या मूळच्या होत्या, म्हणून त्याच परत घातल्या. उस्तादांनी विचारले, “ब्रेकचे सगळे नवीन टाकले ना?” मी म्हणालो, “हो, पाहिले आहे सगळे.” मंडळी, हे उत्तर खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. हिशेबात अशा नोंदी आम्ही फार पकडतो. स्वतःची मात्र मला पकडता आली नाही.

२०२१ चा दसरा. गाडीला झेंडूचे तोरण, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक. मी चालवायला, शेजारी सौभाग्यवती, मागे सात वर्षांची नात. रस्त्यावर लोक वळून वळून पाहत होते आणि माझी मान ताठ होत होती. एका उड्डाणपुलाच्या उतारावर समोर वाहने थांबलेली दिसली. मी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. दुसऱ्या गिअरमध्ये घेतली; पहिल्यात घ्यायला गेलो तर तो करकरला आणि पडेना. शेवटी हातब्रेक ओढला. तो तारेवर चालतो, तेलावर नाही, म्हणून त्याने जीव लावून धरले. गाडी सायकलवरच्या एका मुलाला चुकवून डावीकडे गेली आणि पेरूच्या हातगाडीला टेकून थांबली.

कुणाला खरचटलेसुद्धा नाही. पेरू तेवढे रस्ताभर झाले. नात मागच्या आसनावरून खाली पडली होती आणि रडायचेही विसरली होती. मी पेरूवाल्याला नुकसानीचे पैसे दिले. ते त्याने मोजून घेतले, गाडीकडे एकदा डोळे भरून पाहिले आणि गुजरातीत म्हणाला, “काका, गाडी तर फार सुंदर आहे. पण ती थांबत का नाही?”

त्या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागली नाही. तीन वर्षे मी गाडी कशी दिसेल याचा विचार केला, थोडा ती कशी चालेल याचाही केला. ती थांबेल कशी, हे मात्र जुन्या वाट्यांवर सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी चाक उघडले. रॉकेल किंवा इंजिनचे तेल ब्रेकच्या रबराला लागले की रबर फुगते, मऊ पडते आणि दाबाखाली धार सोडते. ब्रेकचे भाग धुवायचे तर स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलनेच. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. पंधरा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत त्या ओलीने सिलिंडरला आतून बारीक खड्डे पाडले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या काळच्या या गाडीत चारी चाकांच्या ब्रेकची तेलवाट एकच. एका चाकापाशी गळती झाली की चारी चाकांचा ब्रेक जातो. उस्ताद रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, मूळची वाटी मूळच्या वयात चांगली होती.”

नवीन सिलिंडरांची मापे हवी होती, म्हणून दादांचे कपाट उघडले. त्यात त्यांची ‘मोटार वही’ सापडली. गाडी घेतल्यापासूनच्या सगळ्या नोंदी त्यांच्या वळणदार अक्षरात होत्या. आता ऐका. १९७०: डाव्या बाजूस आरसा लावला. १९७४: करडा रंग खरवडून बदामी रंग दिला. १९८२: हिरवा रंग दिला. म्हणजे ज्या हिरव्या रंगाला ‘मूळचा’ समजून मी चार दुकाने पालथी घातली होती, तो गाडीचा तिसरा रंग! आणि मग ही नोंद, १९८८: “पुढील दोन्ही आसनांस पट्टे बसविले. सूनबाई पुढे बसतात; घरी बाळ लहान आहे.”

ते पट्टे मी स्वतःच्या हाताने काढून टाकले होते. १९६७ च्या माहितीपत्रकातल्या चित्रात ते नव्हते, म्हणून. ज्या सुनेसाठी दादांनी ते बसविले, तीच दसऱ्याच्या दिवशी माझ्या शेजारी पट्ट्याविना बसली होती. वही मिटून मी बराच वेळ तेथेच बसलो. मी गाडी जपली होती. दादांनी गाडीतली माणसे जपली होती. आणि त्यांची गाडी म्हणून मी जी उभी केली, ती त्यांची नव्हतीच, ती माहितीपत्रकातली होती.

त्यानंतर आम्ही काम पुन्हा हाती घेतले, आणि या वेळी आधी वहीत तीन सदरे आखली.

पहिले सदर, जे ओळखीचे आहे ते. गाडीची घडण, डॅशबोर्ड, स्टिअरिंगखालचा गिअर, इंजिन आणि हॉर्नचा आवाज. यांना हात लावायचा नाही. हे बदलले तर गाडी राहील, ‘आमची’ राहणार नाही.

दुसरे सदर, ज्यावर जीव अवलंबून आहे ते. येथे माया नाही. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसविला. एक कप्पा पुढच्या चाकांना, दुसरा मागच्या. एक वाट फुटली तरी दुसरी थांबविते. चाकांतले सिलिंडर, वाट्या, होज आणि नळ्या सगळ्या नव्या. काहीजण फ्रिजच्या कामाची तांब्याची नळी ब्रेकला लावतात. ती कधीही लावू नये, कंपनांनी ती कडक होऊन तडकते. पुढच्या चाकांना डिस्क बसवाव्यात असे चिरंजीवांचे म्हणणे होते. उस्ताद म्हणाले, ही गाडी ज्या वेगाने आपण चालवितो, त्याला नीट बसविलेले ड्रम पुरतात. ते एका बाजूला ओढणार नाहीत एवढे पाहिले पाहिजे. मग स्टिअरिंगचे सांधे, किंगपिनचे बुश, नवे टायर आणि सगळी वायरिंग. पेट्रोलचे होजही बदलले, कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि ते पाणी ओढून घेत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीला गंज चढतो. आणि दादांचे पट्टे? त्यांच्या जागी नवे आले, मागच्या आसनालाही.

तिसरे सदर सोयीचे. येथे घाई नाही. जुना डायनामो सिग्नलपाशी इंजिन मंद झाले की पुरेशी वीज देत नाही, दिवे पिवळे पडतात. म्हणून त्याच्या जागी अल्टरनेटर घेतला. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट मात्र ठेवले. रस्त्यात अडले तर पॉलिश कागदाच्या तुकड्याने घासून घरी येता येते. एअरकंडिशनर नाकारला. खिडकीच्या पुढची ती लहान त्रिकोणी काच उघडली की वारा थेट अंगावर येतो, आणि तो फुकट असतो.

या तिन्ही सदरांना एक अट लावली: जे बदलाल ते पुन्हा पूर्ववत करता आले पाहिजे. बॉडीला नवे भोक नाही, काही कापणे नाही. मूळच्याच बोल्टांवर बसेल तेच बसवायचे. जुना डायनामो आणि जुना मास्टर सिलिंडर चिठ्ठी लावून पेटीत ठेवले आहेत. उद्या नातीला वाटले की आजोबा चुकले, तर तिला दुरुस्त करता यावे.

कायद्याविषयी दोन शब्द. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल मनास येईल तसे करता येत नाहीत. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियमही आले. त्यांत ‘व्हीए’ ही खूण असलेला क्रमांक मिळतो, परंतु चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो आणि अशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. तेव्हा पाना हातात घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. चिरंजीवांचे जपानी इंजिन तेथेच निकालात निघाले.

ब्रेकमधली हवा काढण्याच्या दिवसाची गंमत सांगतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी घ्यायचे. एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करून हवा सोडायची, नट आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. पॅडलवर सौभाग्यवती होत्या. “दाब! धर! सोड!” असे हुकूम मी तासभर दिले आणि त्यांनी ते ऐकले. असा योग आमच्या संसारात तो एकच. काम संपल्यावर त्या म्हणाल्या, “आता पाय अर्ध्यातच अडतो. दगडासारखा.” बंपरची चकाकी पाहून जो आनंद झाला नव्हता, तो त्या वाक्याने झाला.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच गावी, लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. देशोदेशीच्या राजेशाही गाड्या होत्या. मी फियाट घेऊन गेलो, पण बाहेरच उभी केली आणि तिकीट काढून आत गेलो. आमची गाडी त्या पंक्तीतली नाही. तिचे काम माणसे ने-आण करण्याचे आहे, आणि ते ती करते आहे. येताना त्याच उड्डाणपुलावरून आलो. पेरूवाला होता. थांबलो, आणि एक किलो पेरू घेतले. तो गाडीला ओळखून हसला. “आता थांबते,” मी म्हणालो.

मंडळी, न्यासाला पन्नास वर्षे झाली. महोत्सवात आपण संस्थेला रंग देतो, बंपर चकाकवितो, ते करावेच. पण दारांखालच्या पोकळ पट्ट्याही एकदा दाबून पाहाव्यात. संस्थापकांनी घालून दिलेले म्हणून आपण जे जपतो, त्यातले किती त्यांचे आणि किती आपल्या आठवणीतला तिसरा रंग, हे जुन्या वह्या उघडून तपासावे. त्या वह्यांत बहुधा असेच आढळेल की, ते स्वतः वेळोवेळी बदल करीत आले, आणि प्रत्येक बदलापुढे कुणा तरी माणसाची काळजी लिहिलेली आहे.

दादांच्या मोटार वहीत आता माझ्या नोंदी चालू आहेत. पहिली नोंद अशी: “ब्रेक नवे केले. नात मागे बसते.” ज्यांना गाडी पाहायची असेल त्यांनी केव्हाही घरी यावे. ज्यांच्या मातोश्री तीतून प्रसूतिगृहात गेल्या, त्यांना एक फेरी मोफत; पट्टा मात्र बांधावा लागेल.